एक बोट डावीकडे

बाईंचं म्हणणं असं, की ध्यान डोक्यात नसतं, माकडहाडात असतं. डोक्यात काय वाटेल ते येवो, घरचं भांडण येवो, दुखरी दाढ येवो. खाली माकडहाड जागेवर असलं की वरचा गोंधळ आपोआप निवतो. हे ऐकून नवी माणसं हसत. मग बाई त्यांना बसवत, आणि दहा मिनिटांत हसणं जिरून जाई.

बत्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसतील. त्या बसल्याच, पण सोबत तीस जणांना घेऊन. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट हॉल रिकामा पडला होता, तिथे रोज सकाळी सहा ते सात त्यांचा वर्ग भरे. खाली टायरवर हातोडा पडे, हवा भरायचं यंत्र घुरघुरे. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणत, "त्याला त्याचं काम करू दे. तू हनुवटी आत घे."

त्यांच्या वर्गात डोळे मिटण्याआधी बसायला शिकावं लागे, आणि त्यातच काहींचा महिना जाई. बुडाखाली घट्ट उशी, चार बोटं उंच. गुडघे जमिनीला टेकलेले. टेकत नसतील तर उशी आणखी उंच. कंबर किंचित पुढे, खांदे मागे आणि सैल, कान खांद्यांच्या बरोबर वर. "छाती काढून बसू नका, इथे कुणी पदक देणार नाही," हे रोज एकदा. "पोक काढलंत की श्वास अडतो, श्वास अडला की झोप येते, आणि झोपायला घरी खाट आहे," हेही रोज एकदा. हे दुसरं वाक्य बहुधा भट्टीवाल्यासाठी असे. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, पहाटेपर्यंत बेकरीत पाव भाजून तसाच पिठाच्या हातांनी वर येई आणि पाचव्या मिनिटाला डुलायला लागे.

"भट्टीवाले!"

"जागा आहे, बाई."

"तुम्ही जागे असाल. तुमची मान झोपली आहे."

पाठीमागे त्यांना ताठबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे बाईंचा नवरा. तो खरोखरचाच गवंडी. बाई चोवीस वर्षांच्या होत्या, नव्याने शाळेत लागल्या होत्या, तेव्हा शाळेच्या मैदानाला कुंपणाची भिंत बांधायला तो आला होता. बाईंनी लांबून शिट्टी मारली आणि ओरडून सांगितलं, भिंत वाकडी होते आहे. त्याने खिशातून ओळंबा काढला, म्हणजे दोऱ्याला बांधलेला पितळेचा लिंबाएवढा गोळा. भिंतीच्या माथ्यावरून तो खाली सोडला, गोळा स्थिर होईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "भिंत सरळ आहे, मास्तरीणबाई. तुमची मान वाकडी आहे."

बाई तणतणत आत गेल्या आणि शिक्षिकांच्या खोलीतल्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मान खरंच डावीकडे झुकलेली होती. भिंत पुरी व्हायला दीड महिना लागायचा, ती चार महिने चालली. पदवी घेतलेली मुलगी गवंड्याशी लग्न करते म्हटल्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली, आणि काहींनी ती पुढे बरीच वर्षं काढलीच नाहीत. बाईंना कुणाचं काही पडलेलं नव्हतं. आयुष्यात ज्याने त्यांची चूक दाखवून वर ती सिद्धही करून दाखवली, असा तो एकच माणूस होता.

वर्ग सुरू झाला तेव्हा मिस्त्रीचं काम सुटलं होतं. हात थरथरायला लागले की गवंड्याने थापी खाली ठेवावी, असं त्याचं मत, आणि ते त्याने स्वतःलाही लावलं. त्याने हॉलच्या तुळईला एक हूक ठोकला आणि तो ओळंबा तिथे टांगला. दोऱ्याजवळ एक उशी. त्या उशीवर एकेकाने बसायचं, आधी दोऱ्याला पाठ करून, मग खांदा करून, बाई चार पावलं मागे सरकणार, एक डोळा मिटणार आणि दोऱ्याच्या रेषेवर त्याची पाठ धरून बघणार. मणके दोऱ्यावर आले तर ठीक. नाही आले तर बाई बोटांत सांगत: एक बोट पुढे, दोन बोटं उजवीकडे. सबब चालत नसे.

ही मोजणी रोज मिस्त्रीपासून सुरू होई. तो नमुना होता. आयुष्यभर विटा वाहिलेल्या त्या सत्तरीच्या माणसाची पाठ अशी होती, की दोरा तिच्यावर ठेवल्यासारखा दिसे. बाई नव्या माणसांना म्हणत, "बघा. याला म्हणतात बसणं." मिस्त्री डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणे, "चाळीस वर्षं हिच्यासमोर बसतोय, वाकायची हिंमतच झाली नाही." लोक हसत. बाईसुद्धा, कधीमधी.

मग एके दिवशी दोरा आणि पाठ यांच्यात थोडा उजेड दिसला.

"अहो, एक बोट डावीकडे."

"असेल."

"असेल म्हणजे? सरळ बसा."

तो सरळ झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बोट. तिसऱ्या दिवशीही. बाईंना राग आला. राग वाकण्याचा नव्हता, नमुना बिघडल्याचा होता. तीस जणांसमोर आपल्याच घरचं माणूस रेषेबाहेर. घरी जाताना त्या म्हणाल्या, "लक्ष नाही तुमचं. तुम्हाला पाहून ती सगळी बसतात." तो म्हणाला, "उद्या बसतो की." त्या दिवशी जिना उतरताना त्याने कठडा धरला होता. बाईंनी ते पाहिलं. त्यांना सगळंच दिसे, तीच तर त्यांची ख्याती.

एकाची दोन बोटं झाली. सरळ होताना आता त्याला वेळ लागे आणि कानशिलावर घाम येई. हॉलमध्ये पंखा नव्हता, घाम सगळ्यांनाच येई. एकदा असाच सरळ होऊन, श्वास सावरून मिस्त्री म्हणाला, "मास्तरीणबाई, एक विचारू? चांगली उभी असलेली भिंत दोन महिन्यांत दोन बोटं कलली, तर मिस्त्री काय करतो?"

"पाडतो," बाई म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. भट्टीवाला तर डुलकीतून जागा होऊन हसला. मिस्त्रीही हसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी घंटी वाजवली, ध्यान सुरू झालं.

चौथ्या महिन्यात तीन बोटं झाली. बाईंनी आता त्याला ओरडणं सोडलं होतं. नुसतं "तीन" म्हणत आणि पुढच्याला बोलावत. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं, आणि ते तसं आहे हे त्यांना माहीत होतं. कवायतीच्या मैदानावर आळशी मुलींना त्या असंच वठणीवर आणत. अशा तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मोजणी संपली, पुढच्या माणसाला बाईंनी हाक मारली, तरी मिस्त्री उशीवरून उठेना.

"अहो, उठा. लोक थांबलेत."

"पाय उठत नाहीयेत," तो म्हणाला. अगदी शांतपणे, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.

भट्टीवाल्याने त्याला काखेत हात घालून उचललं. मिस्त्रीच्या सदऱ्यावर दोन्ही बाजूंना पिठाचे पंजे उमटले. बाई तेच बघत राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्या सकाळचं दुसरं काही त्यांना धड आठवत नव्हतं.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, बाईंच्या लेकीच्या वयाची. भिंतीवरच्या उजेडात तिने मिस्त्रीच्या पाठीचा फोटो लावला होता. खालचा एक मणका आतून पोखरला जाऊन खचला होता, आणि तो एकटाच नव्हता. रोग दुसरीकडून कुठून तरी येऊन तिथे शिरला होता. तिने सगळं नीट सांगितलं, मग कागद पुढे ओढला. "हे एका बाजूला झुकतात. साधारण कधीपासून, काही कल्पना?"

"सतरा आठवडे," बाई म्हणाल्या. "पहिले सहा आठवडे एक बोट. मग दोन. गेल्या तीन आठवड्यांपासून तीन. डावीकडे. पुढे किंवा मागे अजिबात नाही."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. "इतकं अचूक मला कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आणि मग, काही टोचून बोलायचं म्हणून नाही, पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून, "मग तेव्हाच का नाही आणलंत?"

 बत्तीस वर्षं मुलींना "उत्तर दे, गप्प बसू नकोस" म्हणून दटावणाऱ्या बाई, त्या लाकडी खुर्चीत ताठ बसून राहिल्या.

"आधी आणलं असतं तर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगता येत नाही. रोग गेला नसता." डॉक्टरणीने कागद मिटला. "चालणं कदाचित राहिलं असतं."

लेक दुसऱ्या गावाहून आली. तिने फोटो पाहिला, कागद वाचले, आणि स्वयंपाकघरात बाईंना गाठलं. "आई, तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

बाई ओट्यावरची कपबशी धूत राहिल्या. ती आधीच धुतलेली होती.

वर्ग बंद झाला. मिस्त्रीची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली. कमरेला पट्टा, औषधांच्या बाटल्या, उशाशी शिट्टी. काही लागलं तर वाजवायची. शिट्टी बाईंचीच, शाळेतली. तो ती वाजवायचा नाही, नुसती बोटात फिरवायचा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला की त्याला जरा बरं वाटे. सहा वर्षं ज्या पाठीकडे बोट दाखवून बाई लोकांना शिकवत आल्या होत्या, ती पाठ आता कोयत्यासारखी वळलेली होती. बाई तिच्यामागे उशा लावत, काढत, पुन्हा लावत.

त्यांना एकच हवं होतं. त्याने एकदा म्हणावं, तुझ्यामुळे. म्हणावं आणि मोकळं व्हावं. नाहीतर म्हणावं, तुझी चूक नाही. दोन्हींतलं काहीही त्या निमूट घेतील. पण मिस्त्री बोले ते खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या घराच्या गिलाव्याबद्दल. "पोपडे धरलेत बघ. घाईत केलाय." बाईंचा जीव टांगणीला लागे आणि तो गिलाव्यात रमे.

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. "त्या दिवशी वर्गात तुम्ही विचारलंत, भिंत कलली तर मिस्त्री काय करतो. काय करतो हो?"

त्याने उशाची शिट्टी हातात घेतली. "पाया उकरून बघतो," म्हणाला.

"मग तसं सांगायचं! दुखतंय म्हणून सांगायचं! तोंड शिवलं होतं का तुमचं?" बाईंचा आवाज चढला. आजारी माणसावर ओरडू नये हे त्यांना कळत होतं, पण दुसऱ्या कुठल्या रीतीने रडायची त्यांना सवय नव्हती. "चार महिने घाम पुसत बसलात तिथे! कशासाठी?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!"

"हं. आणि मग?" त्याने शिट्टी बोटात फिरवली. "तुला शाळा होती, मग लेक, मग वर्ग. तू एक डोळा मिटून नुसतं माझ्याकडे बघायचीस, ते दिवसातून तिथेच. पाच मिनिटं. ती कशाला सोडू?"

बाई उठून मागच्या अंगणात गेल्या. तिथे वाळत घातलेली चादर त्यांनी काढली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. घडीची एक कड बोटभर पुढे राहत होती.

त्यानंतर मिस्त्रीने एकच हट्ट धरला. एकदा त्या उशीवर बसायचं. डॉक्टरीण म्हणाली, आता त्यांना हवं ते करू द्या. लेक म्हणाली, आई, वेड लागलंय का? बाई म्हणाल्या, नाही, म्हणजे नाही. त्यांना त्या दोऱ्यासमोर उभं राहायचंच नव्हतं. तीन दिवस त्या नाही म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी मिस्त्रीने पहिल्यांदा शिट्टी वाजवली. फुसकी, अर्धी वाजली. बाई हातातलं टाकून धावत आल्या.

"काय झालं?"

"मोजणी राहिलीय माझी," तो म्हणाला.

रविवारी सकाळी भट्टीवाल्याने आणि खालच्या पंक्चरवाल्याने मिळून त्याला खुर्चीसकट बावीस पायऱ्या वर नेलं. "हळू! कोपरा सांभाळा! पीठ नाही ते, गोणी टाकल्यासारखं टाकू नका," बाई मागून. पंक्चरवाला खाली गेला आणि दुकान उघडं असून त्याने तासभर हातोड्याला हात लावला नाही.

उशीवर मिस्त्रीला बसता येईना. सोडलं की तो डावीकडे ढासळे. भिंतीला टेकवून पाहिलं, तर भिंत मणक्याला टोचे. त्याने ओठ आवळले. भट्टीवाला म्हणाला, "बाई, राहू द्या आता." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी दुसरी उशी ओढली, मिस्त्रीच्या मागे ठेवली, आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या. कंबर पुढे, गुडघे टेकलेले, खांदे सैल. मग सरकत सरकत मागे गेल्या, पाठीला पाठ लागेपर्यंत.

"टेका," म्हणाल्या.

त्याचं वजन आलं. आधी फक्त खांद्यांची हाडं, मग हळूहळू सगळाच. तो किती उरला आहे हे त्यांना उचलताना, पुसताना कळलं नव्हतं, ते आता कळलं. फारच थोडा. पण त्या जराशा हलल्या तरी तो पडला असता. कवायतीची बत्तीस वर्षं, या हॉलमधली सहा, या एवढ्या बसण्याच्या आयुष्यात आपण ताठ कशासाठी बसतो, हे त्यांनी लोकांना शंभर तऱ्हांनी समजावलं होतं. श्वासासाठी, झोप येऊ नये म्हणून, मन थाऱ्यावर राहावं म्हणून. त्यांतलं एकही कारण त्यांना त्या वेळी आठवलं नाही. तो पडू नये, एवढंच होतं.

बऱ्याच वेळाने मिस्त्रीने विचारलं, "किती बोटं?"

बाईंची पाठ त्याच्याकडे. दोरा कुठे, तो कुठे, त्यांना काही दिसत नव्हतं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

"न बघता?"

"न बघता."

"खोटारडी," मिस्त्री म्हणाला, आणि हसला. आवाज आला नाही, पण ते हसणं त्यांच्या मणक्यांतून खालपर्यंत गेलं.

मग तो तसाच झोपला. बाई चाळीस मिनिटं हलल्या नाहीत. पाय बधिर झाले, डोळ्यांतल्या पाण्याने गळा भिजला, तो पुसायला हात उचलता येईना. भट्टीवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि सारखं नाक ओढत होता. त्याला नाक शिंकरा म्हणून दटावण्याइतकाही श्वास बाईंनी सोडला नाही.

अकराव्या दिवशी मिस्त्री गेला. सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, डाव्या कुशीवर. लेक म्हणाली, त्यांना सरळ झोपवूया. बाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. त्यांना तसंच बरं वाटतं."

त्याने ते म्हटलंच नाही. तुझ्यामुळे, असंही नाही आणि तुझी चूक नाही, असंही नाही. बाई खिडकीतून समोरचा गिलावा बघत. पोपडे खरंच धरले होते.

दोन महिन्यांनी लोक बोलवायला आले. बाईंनी हॉल उघडला, केर काढला. ओळंबा होता तिथेच होता, त्याला हात लावला नाही. सहाला सगळे जमले. मोजणी कुठून सुरू करायची हा प्रश्न कुणी विचारला नाही. बाई स्वतः जाऊन त्या उशीवर बसल्या, दोऱ्याला खांदा करून.

"भट्टीवाले, पुढे या. बघा."

भट्टीवाला चार पावलं मागे सरकला. त्याने एक डोळा मिटला. बाईंची मान सरळ होती, खांदे सैल, गुडघे टेकलेले. पण सगळी पाठ मागे गेली होती, मागे कुणीतरी असल्यासारखी.

"किती बोटं?"

"एकही नाही, बाई."

"खोटं बोलू नका."

भट्टीवाल्याने पिठाचे हात पोटावर पुसले. "दोन," म्हणाला. "मागे."

सगळे वाट पाहत होते, बाई आता सरळ होतील म्हणून. खाली हवेचं यंत्र घुरघुरायला लागलं.

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.